सतरा नंबरच्या खेपेतली राणी

१४ मे

मोबाईलवर एक मुलगी मुंग्या पाळायला शिकवते. मी तिला मुंगीवाली म्हणतो. ती सांगते, पहिल्या दिवसापासून वही ठेवा, तारीख घाला, दिसलं तेवढंच लिहा. म्हणून ही वही. पुढची पानं खोक्यांच्या मापांत गेलीत, मागून सुरू करतोय. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून मापं सोडून काही लिहिलेलं नाही. अक्षराला कोणी हसू नये. हसणार कोण म्हणा, वही माझीच.

दिसलं ते असं. सकाळी खोक्याचा तळ ठोकत होतो. एका फळीच्या कडेला थोडी साल राहिली होती, तिच्याखालून बारीक भुसा गळत होता. खिळ्याच्या टोकाने साल उचकटली तर आत बोगदा आणि बोगद्यात मुंगळा. मुंगळा कसला, मुंगळ्यांची आजी! करंगळीच्या पेराएवढी, काळीभोर, पाठीवर पंख गळाल्याच्या खुणा. शेजारी लंबू खिळे मारत होता. म्हणाला, "टाक चिरडून." मी फळीचा तेवढा तुकडा करवतीने कापला आणि तिच्यासकट टोपीत घेतला.

सुट्टीत चार व्हिडिओ बघितले. ही राणी आहे. लाकडात घर कोरणारे मोठे मुंगळे असतात, सुतार मुंगळे, त्यांची. आयुष्यात एकदाच उडते, मग पंख स्वतःच मोडून टाकते, लाकडात शिरून दार लावून घेते आणि एकटीने सगळी वस्ती उभी करते. लाकूड खात नाही, नुसतं कोरते. म्हणजे आमच्यातलीच.

मजा पुढेच आहे. तुकड्यावर शिक्का आहे, नंबर सतरा. आमच्याकडे जहाजाने बाहेर जाणाऱ्या मालाची लाकडी खोकी होतात. लाकडातून किडा-मुंगी दुसऱ्या मुलखात जाऊ नये म्हणून फळी आधी भट्टीत शेकायची, मग शिक्का, मग खोकं. शिक्का मारायचं काम माझं. भट्टी मामांची. पण सतरा नंबरची खेप मी शेकली, परवा! मामा डोळे दाखवायला गेले होते, मालकिणीला न सांगता. जाताना म्हणाले, "काटा छप्पन्नवर आला की घड्याळ बघ, तीस मिनिटं धर, मग बंद कर." दारापाशी दोन तबकड्या आहेत. खालच्या काचेवर काजळी चढलेली, वरची मोठी आणि स्वच्छ. मोठीवर लक्ष ठेवलं. मामांना एका भट्टीला चार तास लागतात. मी दीड तासात उरकली! म्हाताऱ्या माणसाचा हात जड असतो. रजिस्टरात मामांचीच मागची ओळ बघून तश्शीच उतरवली, वेळेसकट, सहीसकट. उगीच मालकिणीचे प्रश्न नकोत.

तर अशा भट्टीतून ही जिवंत निघाली. काय जीव असेल तिच्यात!

१५ मे

औषधवाल्याकडून काचेची नळी आणली. तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग तोंडाला बोळा. कापूस मामांचा, डोळ्यांत थेंब घालायचा. मुंग्यांना लाल रंग दिसत नाही म्हणे, म्हणून नळीला लाल जिलेटिन कागद गुंडाळला. खायला काही द्यायचं नाही. पंखांचं जे मांस उरलेलं असतं त्यावरच ती पहिली पोरं होईस्तोवर काढते. दीड-दोन महिने!

मामांनी विचारलं, "कुठे गावली?" मी म्हटलं, बाहेरच्या ढिगात. शिक्का मारलेली फळी कापली म्हटलं असतं तर शिव्या पडल्या असत्या.

मामा माझे सख्खे नव्हेत, ताईच्या सासरचे आहेत. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. त्यांनीच मला इथे चिकटवलं. भट्टीमागच्या खोलीत आम्ही दोघं राहतो.

ताईचा फोन. "काय रे, टिकतोयस ना? हे सातवं काम आहे."

"टिकतोय. मुंगी पाळलीय."

"कोण पाळलीय?"

"मुंगी."

मग म्हणाली, "जेवतोस ना नीट?"

१८ मे

अंडी! चार. साखरेच्या कणासारखी, जरा लांबट. तिने तोंडात धरून एकीकडे ठेवलीत.

२१ मे

अंडी सहा. मुंगीवाली म्हणते, नळी अंधारात ठेवा, आठवड्यातून एकदाच बघा. आज मी अकरा वेळा बघितली. सकाळी तीनदा, सुट्टीत चारदा, बाकीचं लघवीच्या निमित्ताने. मालकीण ओरडली, "तुला मधुमेह झालाय का रे?" मालकीण बोलते तेव्हा दोन खोल्यांपलीकडचे खिळे आपोआप आत जातात.

हात शिवशिवतात त्याला मी काय करू? माझं नावच कारखान्यात भिंगरी. लंबू म्हणतो तो बंदरावर जाणार, तिथे उघड्यावर काम, जहाजं येतात-जातात, बसून राहायचं नाही. "येतोस का?" म्हणाला. बघू म्हटलं. तसं माझं मन इथून उडालंच आहे.

२६ मे

अंडी नाहीत.

नळी सगळीकडून फिरवून बघितली. कापसात बघितलं. एकही नाही. ती मात्र पोट तट्ट करून बसलीय.

मुंगीवालीला लिहून विचारलं. उत्तर आलं: सारखा उजेड, सारखे धक्के बसले की राणीला वाटतं जागा धोक्याची आहे, मग ती आपलीच अंडी खाऊन टाकते, ताकद वाया जाऊ नये म्हणून. "किती वेळा बघत होता?" खोटंच सांगितलं, दोनदा.

मामांना सांगितलं तर हसतील वाटलं. हसले नाहीत. म्हणाले, "तिला काय ठाऊक तू कौतुकाने बघतोस ते? तिच्या लेखी रोज अकरा वेळा भूकंप."

२७ मे

आज नळीकडे गेलो नाही. नंतर गेलो. लगेच ठेवली.

३ जून

पुन्हा अंडी, पाच. मी नाचलो, आणि मामांनी नळी माझ्या हातातून काढून घेतली. जुन्या पायमोज्यात गुंडाळली, आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला.

"मामा, हे बरोबर नाही."

"रविवारी मिळेल. पाच मिनिटं."

"माझी आहे ती!"

"तुझी होती तेव्हा सहाची शून्य केलीस. आता माझ्याकडे राहू दे."

पेटी भट्टीच्या भिंतीला लागून आहे, तिथे कायम ऊब असते. जागा चांगली निवडली म्हाताऱ्याने. पण रविवार यायला अजून चार दिवस. चार दिवस माणसाने करायचं काय?

७ जून, रविवार

अंडी आठ. मामांनी घड्याळ लावून पाच मिनिटं दिली. स्वतः बघायला गेले तर नळी नाकाला टेकवली तरी दिसेना. "आहेत म्हणतोस? बरं, असतील." थेंब घालतात, गुण नाही. डॉक्टर म्हणतो, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, कापायला हवा. मालकिणीला सांगायचं नाही असं मला बजावलंय.

१४ जून, रविवार

अळ्या! तांदळाच्या कणीएवढ्या, पांढऱ्या, वाकड्या. ती त्यांना तोंडाने भरवते. स्वतः महिनाभर उपाशी. मी म्हटलं, मामा, बघा तरी. त्यांनी न बघताच विचारलं, "किती?" तीन, म्हटलं. "तीन तर तीन," म्हणाले, पण दिवसभर येईल त्याला सांगत होते, आमच्या पेटीत तीन झाली.

२३ जून

आज कारखान्यात मयत झाल्यासारखं वातावरण आहे. पलीकडच्या बंदरावर आपलं एक खोकं उघडलं, फळीत जिवंत मुंगळे निघाले. फोटो आलाय. शिक्का आपलाच, पण खेपेचा नंबर घासून गेलाय. त्यामुळे कुठली खेप ते कळत नाही. तपासणी खात्याचं पत्र आहे: खुलासा द्या, नाहीतर शिक्का काढून घेऊ. शिक्का गेला तर कारखाना बंद. आम्ही बावीस माणसं.

मालकिणीने सगळ्यांना उभं केलं. आज तिचा आवाजच चढला नाही. त्यानेच जास्त भीती वाटली.

एप्रिलपासूनचं प्रत्येक खोकं परत मागवायचं म्हणे.

२५ जून

मालकिणीने मामांना कचेरीत बोलावलं, मलाही, शिक्का मी मारतो म्हणून. रजिस्टर पुढ्यात. सगळ्या ओळी एकसारख्या, चार तास, चार तास, चार तास.

"मामा, एखादी खेप दुसऱ्या कोणाच्या हातात दिली होती का? खरं सांगा."

"नाही. भट्टी मीच लावतो."

"मग असं कसं झालं?"

मामा म्हणाले, "माझ्या डोळ्यांना दिसत नाही नीट, बाई. सहा महिने झाले. वाचायला चूक झाली असेल."

मालकिणीने रजिस्टर मिटलं.

मामांना हल्ली आठवत नाही काही. सतरा नंबरच्या दिवशी ते इथे नव्हतेच हे त्यांच्या डोक्यातून गेलंय. मी आठवण करून दिली नाही. उगीच न सांगता गेले होते ते बाहेर आलं असतं. आणि ती एक खेप तर चोख होती, मी स्वतः बघितलीय.

२८ जून, रविवार

अळ्या लठ्ठ झाल्यात. मामांनी आज पाचाऐवजी दहा मिनिटं दिली. त्यांचं लक्षच नव्हतं.

२९ जून

मालकिणीने हुकूम काढला, मामांनी एकट्याने भट्टी लावायची नाही, भिंगरीला डोळे म्हणून शेजारी बसवा. बसलो. तासभर झाला, मी म्हटलं, "छप्पन्न झालं मामा, लावू घड्याळ?"

"कुठल्या तबकडीवर?"

"ही काय, मोठी."

"ती हवेची. हवा काय, तासात तापते. खालची बघ. तिची तार जाड फळीला भोक पाडून आत घातलेली असते. गाभ्यात छप्पन्न झालं तर खरं. फडक्याने काच पूस."

पुसली. खालचा काटा एकतीसवर.

मामा काहीतरी सांगत राहिले. लाकूड बाहेरून हाताला चटका देतं तेव्हा आत गारच असतं, म्हणून चार तास. मला ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. मामा म्हणाले, "बोलत का नाहीस?"

"गरम होतंय."

"पाणी पी," म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मी नीट सांगायला हवं होतं. पहिल्यापासून." आणि विषय बदलला.

३० जून

ती भट्टीतून वाचली नव्हती. भट्टी तिच्यापर्यंत गेलीच नव्हती.

यापुढे लिहू नये असं वाटतं. मुंगीवाली म्हणते दिसलं तेवढंच लिहा. हेच दिसतंय.

२ जुलै

हिशेब लावून बघितला. सतरा नंबरची खोकी चाळीस. आपण सांगितलं की तीच खराब, तर तेवढीच परत आणायची. नाही सांगितलं तर साडेचारशे. सांगायला पुरावा आहे: तो तुकडा माझ्या अंथरुणाखाली लपवून ठेवलाय, शिक्क्यासकट.

पण सांगितलं की मी संपलो. खोटी ओळ, खोटी सही. नुसतं कामावरून काढलं तरी नशीब.

लंबू सोमवारी निघतोय. पिशवी भरून ठेवली मी. ताईला फोनवर म्हटलं, बंदरावर चांगलं काम आहे. ती म्हणाली, "आठवं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ जुलै, रविवार

पेटी उघडली. पाच कोश! अळ्यांनी स्वतःभोवती विणून घेतलंय, बदामी रंगाचे, गव्हाच्या दाण्याएवढे. राणी त्यांच्यावर पाय पसरून बसलीय. मुंगीवाली म्हणते या दिवसांत नळीचा प्रवास अजिबात नको, धक्क्याने आतलं बाळ मरतं.

६ जुलै

लंबू गेला. मी फाटकापर्यंत पिशवी घेऊन गेलो होतो. कोश असताना नेता येत नाही, म्हटलं. तो म्हणाला, "मग ठेव की म्हाताऱ्यापाशी!"

हे मला सुचलं नव्हतं. खरंच ठेवता आली असती. पण तोवर मी पिशवी खाली ठेवली होती. "म्हाताऱ्याला दिसत नाही," म्हटलं, "कोण बघणार तिच्याकडे?" लंबूने कपाळावर हात मारून घेतला आणि ट्रकात चढला.

राहिलो तो कोशांमुळे. दुसरं काही नाही.

७ जुलै

कारखान्यात चकरा मारतोय. मालकिणीच्या कचेरीसमोरून नऊ वेळा गेलो. ती म्हणाली, "काय हरवलंय का?"

नाही, म्हटलं.

९ जुलै

मामांना महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. मालकीण म्हणाली, "मी खात्याला लिहिलंय की चूक भट्टीवाल्याच्या नजरेची होती आणि माणूस बदलतेय. दुसरा उपाय नाही, मामा." सतरा वर्षं त्यांनी ती भट्टी लावली. मामा "बरं" म्हणाले.

खोलीवर येऊन सदरे घड्या घालत बसले. एकच सदरा तीनदा. मग म्हणाले, "माझा कापूस सगळा संपवलास की रे मुंगीपायी."

"आणून देतो."

"आता कशाला? तिकडे मुलाकडे गेल्यावर सुनेला सांगेन. तिला म्हणेन, नजर गेली म्हणून काढलं." सदरा पुन्हा उलगडला. "लोक काय म्हणतील त्याचं काही नाही. पण त्या भट्टीतून कच्चं लाकूड गेलं, हे मनातून जात नाही. माझ्या हातून असं कसं झालं?"

म्हणजे त्यांना खरंच माहीत नाही? की माहीत आहे आणि मला सांगायची संधी देतायत? मला कळेना. मी उठलो, भिंतीपाशी गेलो, परत आलो, बसलो, उठलो. मामा म्हणाले, "तू आधी एका जागी बस बाबा, मला गरगरायला लागलंय."

१२ जुलै, रविवार

एक कोश फुटलाय. राणीने तोंडाने कापला आणि आतून ओढून काढली. पहिली कामकरी मुंगी! बारकी, फिकट, पाय धड टेकत नाहीत. तासाभरात उभी राहिली आणि काय केलं असेल? दुसऱ्या कोशाची साफसफाई. जन्माला येऊन एक तास झाला नाही! मी साखरपाण्याचा थेंब काडीने ठेवला. ती प्यायली, आणि राणीपाशी जाऊन तोंडाला तोंड लावलं. दोन महिन्यांत पहिला घास.

मामांना सगळं सांगत होतो, आता उभी राहिली, आता प्यायली. ते डोळे मिटून ऐकत होते. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. कोणी घड्याळ बघितलं नाही.

मग मी सांगितलं. वरचा काटा, दीड तास, रजिस्टर, सही, फळी. सगळं एका दमात.

मामांनी नळी पेटीत ठेवली, कुलूप लावलं. मग म्हणाले, "त्या तबकडीच्या दिवशीच कळलं मला. तुझं तोंड बघायला नजर लागत नाही."

"मग परवा 'माझ्या हातून असं कसं झालं' म्हणालात ते?"

"माझ्याच हातून झालं. न शिकवता भट्टी कोणी सोपवली तुला? जा आता, झोप. आणि तोंड बंद ठेव. मी म्हातारा, मला काढलं तर घरी जाईन. तुला काढलं तर तू कुठे जाशील? आठव्याला?"

ताईने सगळं सांगितलेलं दिसतंय.

१३ जुलै

मामा अंघोळीला गेले तशी किल्ली घेतली, नळी काढली, तुकडा काढला, वही घेतली आणि कचेरीत गेलो. मालकीण डबा खात होती.

"काय आहे?"

तुकडा टेबलावर ठेवला, शिक्का वर करून. शेजारी नळी. मग म्हटलं, चूक सतरा नंबरात आहे, ती खेप मी शेकली, मामा त्या दिवशी नव्हते.

"कशावरून?"

वही दिली. तिने हात पुसले आणि चौदा मेचं पान काढलं. वाचायला लागली. मला वाटलं तेवढंच वाचेल. ती पुढे वाचत गेली. मी म्हटलं, "बाई, पुढचं मुंग्यांचं आहे." ती थांबेना. एका ठिकाणी मोठ्याने वाचलं, "'मालकीण बोलते तेव्हा दोन खोल्यांपलीकडचे खिळे आपोआप आत जातात.'" मी जमिनीकडे बघत राहिलो.

काल रात्रीपर्यंतचं सगळं वाचून झाल्यावर वही मिटली. नळी उचलली, लाल कागदातून बघितली.

"लाकडाच्या वखारीत," ती हळू म्हणाली, "साडेचारशे खोकी मुंगळ्यांपायी परत येतायत, आणि तू भट्टीच्या भिंतीला टेकून मुंगळे पाळलेस?"

"मुंगळे नाहीत बाई, एकच होती. कालपासून दोन झाल्या."

मग मात्र आवाज चढला. बाहेर मशीन थांबलं. काय काय म्हणाली ते लिहीत नाही, सगळं बरोबरच होतं. शेवटी फोन उचलला आणि खात्याचा नंबर फिरवला. मी जायला वळलो तर फोनवर हात ठेवून म्हणाली, "तू कुठे निघालास? इथेच उभा राहा. पळायचं नाही."

उभा राहिलो. चाळीस मिनिटं. पायात मुंग्या आल्या तरी.

मामा अजून बोलत नाहीत. पाण्याचा तांब्या मात्र माझ्या बाजूला सरकवून ठेवला.

१७ जुलै

तपासनीस साहेब आले. कृश माणूस, गळ्यात भिंग. तुकडा बघितला, रजिस्टर बघितलं, माझी वही बघितली. दोन्ही तबकड्यांसमोर मला उभं केलं. "कुठली बघितलीस?" दाखवली. "का?" मोठी आणि स्वच्छ होती म्हणून, म्हटलं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

निकाल असा: फक्त सतरा नंबरची चाळीस खोकी परत आणायची. शिक्का राहील, पण भट्टी वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे, आणि जो वाचेल त्याने स्वतःच्या नावाने लिहायचं. मालकीण म्हणाली, मामांचा डोळा आधी कापून घेऊ, तोवर त्यांनी सांगायचं आणि भिंगरीने वाचायचं. "आणि ती चाळीस खोकी आली की तूच एकट्याने उघडायची. खिळे काढ, फळ्या सोडव, पुन्हा शेक."

म्हणजे काढलं नाही. मामांनाही नाही. मी मामांकडे बघितलं, ते फडक्याने काच पुसत होते. स्वच्छच होती ती.

साहेबांनी नळी मागितली. नमुना म्हणून लागेल.

"तिचं काय करणार?"

"नमुने औषधात बुडवून ठेवतात."

मी वहीचं पान फाडलं आणि तिथेच उभ्याने लिहिलं: अंधारात ठेवा. धक्का देऊ नका. पोरं तीन आहेत, अजून दोन कोश. दोन दिवसांनी साखरपाण्याचा एक थेंब, काडीने. आठवड्यातून एकदाच बघा, जास्त बघितलं तर अंडी खाते. साहेबांनी वाचलं. कागद घडी करून खिशात टाकला आणि नळी रुमालात गुंडाळली. गाडीत बसताना मांडीवर आडवी धरली होती, एवढं दिसलं.

१९ जुलै, रविवार

मामांनी सवयीने पेटी उघडली. मग तशीच बंद केली. किल्ली मात्र परत कनवटीला लावली.

६ ऑगस्ट

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. खोकी उघडतोय, एकतीस झाली. हातांना फोड आलेत. ताईला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "आठवं राहिलं का मग?" राहिलं, म्हटलं.

खात्याचा शिपाई कागद घेऊन आला होता. त्याला विचारलं. म्हणाला, नळी साहेबांच्या कपाटात आहे, कोणाला उघडू देत नाहीत. म्हणजे काय ते समजलं नाही. औषधाची बाटलीही कपाटातच ठेवतात. जास्त विचारलं नाही.

आज मामा परत आले, एका डोळ्याला पट्टी. उष्णतेजवळ जायचं नाही म्हणून दारापासून लांब बसले. भट्टीत तातडीची खेप होती. ट्रक फाटकात उभा, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय. मालकीण आली.

"झालं का?"

"नाही. त्रेपन्न आहे."

ती गेली आणि दहा मिनिटांत परत आली. "आता?"

"चौपन्न."

"जहाज सुटलं तर सगळं मुसळ केरात! चौपन्न आणि छप्पन्नात असा काय फरक आहे?"

"छप्पन्न झाल्यावर पुढे तीस मिनिटं आहेत अजून."

"भिंगरी, मी सांगतेय, उघड."

माझे हात कडीपाशीच होते. खरं सांगतो, उघडायला मलाही हवंच होतं. बसून बसून जीव नकोसा झाला होता. पण तोंडातून आलं, "नाही उघडणार." आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडे खिळे मारणारा थांबला.

मालकीण भट्टीसमोर चकरा मारायला लागली, दारापासून फाटकाकडे, फाटकापासून दाराकडे, बांगड्या मागेपुढे करत.

मामांनी लांबून विचारलं, "कोण एवढं फिरतंय रे?"

"मालकीण."

"त्यांना म्हणावं, बसा. फिरल्याने लाकूड लवकर तापत नाही."

मी उठलो आणि माझं स्टूल तिच्यापुढे ठेवलं. ती बसली. मामाही आपली खुर्ची ओढत थोडे जवळ आले. ट्रकवाल्याने पुन्हा भोंगा दिला. कोणी उठलं नाही. तिघंही खालच्या तबकडीकडे बघत होतो, मामा एका डोळ्याने.

"किती?" मामांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मालकीणच म्हणाली, "पंचावन्न."